कॉकपिटमधला धूर

विमानात धुराचा वास आला, की तो कशाचा आहे हे कळेपर्यंत तो आगीचाच समजायचा. केबिन क्रूच्या प्रशिक्षणात हे सुरुवातीलाच कानीकपाळी ओरडून सांगतात आणि दरवर्षीच्या उजळणीत पुन्हा घोकून घेतात. मी बरीच वर्षं आंतरराष्ट्रीय फ्लाइट्सवर काम केलं, त्यातली शेवटची काही वर्षं इन्चार्ज म्हणून. आता डोंबिवलीत माझ्याकडे क्रूच्या मुलाखतीची तयारी करायला मुलंमुली येतात. त्यांच्यासाठी, आणि नुकतेच उजव्या सीटवर बसू लागलेल्या तरुण वैमानिकांसाठी हे लिहिते आहे. विमान हवेत असताना क्रूमधल्याच कुणी सिगारेट ओढणं हा विषय आमच्या व्यवसायात सगळ्यांना माहीत असतो, पण त्यावर बोलत कुणी नाही.

आखातातून मुंबईला येणारी रात्रीची फ्लाइट होती. जेवणं आटोपून दिवे मंद केले होते. पुढच्या गॅलीतली ज्युनिअर मुलगी माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "मॅम, काहीतरी जळतंय." वास मलाही आला. आम्ही ओव्हन बंद केले, उघडून पाहिले. कॉफीमेकर पाहिला. पुढच्या टॉयलेटच्या दारावर हाताची मागची बाजू खालून वर फिरवली, दार थंड होतं. आत जाऊन टॉर्चच्या उजेडात कचऱ्याची पेटी पाहिली. पहिल्या रांगेतले एक आजोबा उठून बसले होते. "बाई, वास कसला येतोय?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्या हातात अग्निशामक होतं आणि मला उत्तर माहीत नव्हतं.

इंटरकॉमवरून कॅप्टनना कळवलं: पुढच्या गॅलीत जळका वास आहे, उगम सापडत नाही. "इथे सगळं नॉर्मल आहे," एवढंच उत्तर आलं. आम्ही पुन्हा शोधायला लागलो. पडदे, डोक्यावरचे कप्पे, भिंतीचे पॅनेल हात लावून तपासले. शेवटी आत येऊन बोलायचंय असं सांगून मी कॉकपिटमध्ये गेले. कॅप्टनच्या उजव्या हाताशी एक कागदी कप होता, तळाशी थोडं पाणी आणि त्यात भिजून फुगलेली दोन थोटकं. फर्स्ट ऑफिसर खिडकीबाहेरच्या अंधारात बघत होता.

माझा संताप सिगारेटवर कमी आणि त्या "नॉर्मल"वर जास्त होता. पूर्ण भरलेलं विमान, खाली अरबी समुद्र, केबिनमधून आगीची शंका कळवली जाते, आणि ज्याला त्या वासाचं कारण ठाऊक आहे तोच ते दडवतो. आमच्याकडे नाक हे पहिलं उपकरण आहे. वायरिंग तापलं, कुणाच्या बॅगेतली बॅटरी पेटली, तर डिटेक्टर वाजण्याआधी बऱ्याचदा वासच येतो. "पुढून वास येतोय? कॅप्टन ओढत असतील" अशी क्रूला एकदा सवय लागली, की खऱ्या आगीच्या वेळीही पहिली काही मिनिटं तशीच जातील. विमानातल्या आगीत पहिली काही मिनिटंच काय ती हातात असतात.

११ जुलै १९७३ ला वारिग या ब्राझिलियन कंपनीचं बोइंग ७०७ पॅरिसच्या ओर्ली विमानतळाजवळ आलं असताना मागच्या टॉयलेटमध्ये आग लागली. कचऱ्याच्या पेटीत टाकलेली सिगारेट हे तिचं संभाव्य कारण मानलं गेलं. वैमानिकांनी विमान धावपट्टीच्या अलीकडे शेतात उतरवलं, पण १२३ जण गेले, बहुतेक धुरानेच. त्यानंतर टॉयलेटच्या कचरापेटीत सिगारेट न टाकण्याच्या पाट्या आल्या, ॲशट्रे सक्तीची झाली. आजही धूम्रपानाला पूर्ण बंदी असलेल्या विमानात टॉयलेटच्या दाराला ॲशट्रे दिसते, ती एवढ्यासाठीच: बंदी मोडून कुणी ओढलीच, तर थोटूक कागदांत पडू नये. कॉकपिटमध्ये तर प्रत्येक सीटच्या बाजूला ऑक्सिजन मास्कचा डबा असतो. तिथे पेटतं काही नेणं म्हणजे काय, हे वैमानिकाला मी सांगायला नको.

"व्हेपने कुठे आग लागते?" असं हल्लीची मुलं विचारतात. त्यांना मी १० जुलै २०१८ ची एअर चायनाची फ्लाइट सांगते. हाँगकाँगहून दालियानला निघालेलं बोइंग ७३७, १५३ प्रवासी, नऊ कर्मचारी. को-पायलट ई-सिगारेट ओढत होता. वाफ केबिनमध्ये जाऊ नये म्हणून हवा फिरवणारा पंखा बंद करायला तो गेला, कॅप्टनला न सांगता, आणि हात पडला शेजारच्या बटणांवर. विमानात बाहेरची ताजी हवा भरणारी यंत्रणाच बंद झाली. केबिनमधला दाब घटायला लागला, इशारा वाजला, ३५ हजार फुटांवरून विमान दहा हजारांवर आणावं लागलं, प्रवाशांसमोर ऑक्सिजन मास्क लोंबकळले. सुदैवाने कुणी दगावलं नाही. आग कुठेच नव्हती. जे घडलं ते वाफ लपवण्याच्या धडपडीतून घडलं.

शरीराचंही थोडं सांगते. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. उंचावर विमानातली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ असते, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही वर. त्यात ओढणाऱ्याचं शरीर आणखी वर गेल्यासारखं वागतं, आणि सर्वांत आधी कमी होते ती रात्रीची नजर. रात्री उतरणाऱ्या वैमानिकाला तीच तर हवी असते.

काठमांडूचा अपघात तरुण वैमानिकांनी जरूर अभ्यासावा. १२ मार्च २०१८, ढाक्याहून आलेलं यूएस-बांगलाचं विमान, ७१ पैकी ५१ जण गेले. विमान सिगारेटमुळे पडलं असं नेपाळच्या चौकशी आयोगाने म्हटलेलं नाही. मानसिक ताणाखाली असलेल्या कॅप्टनचं दिशाभान हरपलं, हे त्यांचं कारण. पण तो कॅप्टन उड्डाणात सिगारेट ओढत होता आणि आपण ओढतो हे त्याने कंपनीपासून लपवलं होतं, हेही त्याच अहवालात आहे. शेजारी बसलेली को-पायलट तरुण होती, अनुभवाने खूपच कमी. कॅप्टन नियम मोडतो आणि शेजारचा गप्प राहतो, तेव्हा धूर ही त्या कॉकपिटमधल्या मोठ्या बिघाडाची खूण असते. ती खूण खाली उतरल्यावर कुणाला तरी कळायला हवी.

आखातातून येणाऱ्या त्या फ्लाइटवर जे घडलं, त्याचा मी अहवाल लिहिला. "कशाला लिहितेस? उद्या त्यांच्याचबरोबर रोस्टर लागेल," असं सहकाऱ्यांनी सांगितलं. चौकशीत मला विचारलेले प्रश्न कॅप्टनविषयी कमी आणि माझ्याविषयी जास्त होते. तरीही तो कागद टिकला, कारण त्यात एकही विशेषण नव्हतं. म्हणून तुम्हीही असंच लिहा: फ्लाइट नंबर, वास प्रथम कुठे आणि किती वाजता आला, काय काय तपासलं, इंटरकॉमवर कोण काय बोललं, डोळ्यांनी काय पाहिलं. "बेजबाबदार" वगैरे शब्द नकोत. त्याच दिवशी लिहा, रूमवर पोचून झोपायच्या आधी. अहवाल सेफ्टी विभागाकडे द्या, रोस्टर बघणाऱ्याकडे किंवा ओळखीच्या मॅनेजरकडे नाही, आणि पोच घ्या. कंपनीत दाद लागत नसेल, तर विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएची स्वेच्छेने माहिती कळवायची व्यवस्था आहे.

त्याआधी, हवेत असतानाच, एक पक्कं ठरवून ठेवा. लपवण्यात हातभार लावायचा नाही. थोटकांसाठी कप मागितला तर द्यायचा नाही, वास मारायला गॅलीत कॉफी पावडर जाळायची नाही, दाराच्या फटीला टॉवेल लावायचा नाही. टॉयलेटमधला स्मोक डिटेक्टर झाकणारा आपल्यातलाच क्रू असेल, तर प्रवाशाला जे सांगितलं असतं तेच त्यालाही सांगायचं. आणि "सिगारेटच असेल" असं मनाशी म्हणून शोध थांबवायचा नाही, उगम डोळ्यांनी दिसेपर्यंत.

धूरमुक्त केबिन क्रूला कुणी सहज दिलेली नाही. अमेरिकेत नॉर्मा ब्रॉइन ही कधीही सिगारेट न ओढलेली हवाई सेविका फुफ्फुसाच्या कर्करोगाने आजारी पडली. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तंबाखू कंपन्यांवर खटला भरला, आणि १९९७ मध्ये त्या कंपन्यांना तीस कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. तिथे १९९० पर्यंत जवळपास सगळ्या देशांतर्गत फ्लाइट्सच्या केबिन कायद्याने धूरमुक्त झाल्या, पण त्या कायद्यात कॉकपिट नव्हतं. ते आलं २००० साली. त्या बायकांनी ज्या हवेसाठी कोर्टात उभं राहायचं धाडस केलं, ती हवा बंद दाराआडून कुणी पुन्हा घाण करत असेल तर मला ते सहन होत नाही.

ज्यांना सवय आहे त्यांच्याशीही मला बोलायचंय, कारण लांबच्या फ्लाइटवर तलफ खरी असते आणि तिने चिडचिड होते, लक्ष उडतं. ती कॉकपिटमध्ये भागवण्याऐवजी ड्युटी नसताना डॉक्टरांकडे जा. मात्र सोडायच्या गोळ्या मनाने सुरू करू नका: व्हॅरेनिक्लिन हे औषध अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक एफएएने २००८ मध्ये वैमानिकांना बंद केलं होतं. तुमचं मेडिकल करणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारा. दुबईहून व्हेप आणणाऱ्यांनी लक्षात ठेवा, २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटची आयात आणि विक्री दोन्ही बंद आहेत.

आणि फर्स्ट ऑफिसर, तुमच्यासाठी. कॅप्टनने पाकीट काढलं की भांडण नको, भाषण नको. शांतपणे एवढंच म्हणा, "सर, केबिनमधून वासाचा फोन आला, तर मला खरं सांगावं लागेल." माझ्या ओळखीच्या एका मुलाने असं म्हटलं, तेव्हा कॅप्टनने पाकीट पुन्हा खिशात ठेवलं. दुसऱ्या एकाच्या कॅप्टनने नाही ठेवलं. त्या मुलाने उतरल्यावर अहवाल लिहिला, आणि चौकशीत त्याच्या जोडीला केबिन इन्चार्जचा अहवालही होता, वेळेसकट.