सुट्टीचा अभ्यास आणि घरची माणसे

शाळेस दिवाळीची अथवा उन्हाळ्याची सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी पहिली-दुसरीच्या वर्गांत एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. शिक्षक फळ्यावर सुट्टीचा अभ्यास लिहून देतात : शुद्धलेखनाचे रोज एक पान, दोन ते दहा पाढे दहा-दहा वेळा, पुस्तकातील अमुक पाठांचे वाचन. मुले तो उतरवून घेतात आणि घंटा होताच धावत सुटतात. पुढे सुट्टी सरत आली की शेवटच्या दोन दिवसांत तो सारा अभ्यास उरकला जातो. पुष्कळदा तो थोरल्या भावाच्या किंवा बहिणीच्या अक्षरात असतो. आपण त्यावर लाल शाईची खूण करतो आणि वह्या परत देतो. ह्या रिवाजातून मुलाच्या पदरात काय पडले, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. सहा ते आठ वर्षांच्या मुलांची सुट्टी कशी जावी आणि त्यात शिक्षकाचा वाटा कोणता, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. शाळेबाहेरचे दिवस

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षात किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे, असे ठरविले आहे. आपल्या शाळा प्रत्यक्षात त्याहून अधिक दिवस भरतात. तरीही रविवार, सण, दिवाळीची व उन्हाळ्याची सुट्टी ह्यांची बेरीज केली, तर वर्षाचे कित्येक महिने मूल शाळेबाहेर असते. शिवाय शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत ते घरचेच असते. एवढा मोठा काळ शिक्षणाच्या दृष्टीने रिकामा समजणे योग्य नव्हे.

शहरातील सुखवस्तू कुटुंब सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी जाते. आपल्या बहुतेक मुलांची सुट्टी तशी नसते. त्यांची सुट्टी म्हणजे मामाचे गाव, जत्रा, आठवड्याचा बाजार, शेतावरची फेरी आणि अंगणातला खेळ. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मुलास सुट्टी असली तरी त्याच्या आईबापांस ती नसते. दिवाळीच्या सुमारास खरिपाची काढणी व रब्बीची पेरणी ह्यांची घाई असते. मे महिन्यात नांगरट, कुळवणी, बांधबंदिस्ती ही कामे उभी असतात. अशा पालकांस ‘मुलास रोज एक तास घेऊन बसा’ असे सांगणे म्हणजे त्यांची थट्टा करणे होय. जे काम ते करीतच असतात, त्यातच मुलास सामावून घेण्याचा मार्ग आपण दाखविला पाहिजे.

२. एक अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या हातून नोकरीच्या प्रारंभीच्या काळात घडलेली एक चूक येथे सांगण्यासारखी आहे. मी दुसरीच्या वर्गास दिवाळीच्या सुट्टीत असा अभ्यास दिला होता की, मुलांनी रोज एक पाठ वडिलांस वाचून दाखवावा, चुका त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्याव्या आणि वहीत त्यांची सही आणावी. योजना मला मोठी चांगली वाटली होती. सुट्टी संपली, शाळा भरली. पण एक मुलगा चार दिवस झाले तरी आला नाही. पाचव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो.

वडील ओसरीवर अंबाडीचा दोर वळीत बसले होते. मुलगा दुसऱ्या टोकास पीळ धरून उभा होता. मला पाहताच तो आत पळाला. वडील उठले आणि खाली मान घालून म्हणाले, “गुरुजी, मला सही येत न्हाई. वहीत बापाची सही न्हाई, मग शाळेत कसं जायाचं, असं म्हणतोय पोरगं.”

त्या वाक्याने मला माझी चूक कळली. मी दिलेल्या अभ्यासाने त्या मुलास एवढेच शिकविले होते की, आपल्या बापास काही येत नाही. आणि बापासही मुलासमोर तसेच वाटावे, अशी तजवीज मी केली होती.

मी ओसरीवर बसलो आणि मुलास बाहेर बोलावून, ते काय करीत होते ते विचारले. प्रथम तो लाजला. मग हळूहळू सांगू लागला. दोर तीन पदरांचा का करावयाचा, एक पदर सैल राहिला तर काय होते, कासऱ्यास लांबी किती लागते आणि दाव्यास किती, हे त्यास ठाऊक होते. बापाने दोर हाताने व वावेने मोजला, तो मुलाने माझ्यादेखत पुन्हा मोजला. त्याचे हात लहान म्हणून मोजणी वेगळी आली. तेव्हा असे का झाले, हेही त्याने मला समजावून सांगितले. लांबी मोजण्यास सर्वांचे माप एकच का असावे लागते, हा धडा मी त्या वर्गात पुढे कित्येक दिवसांनी शिकविणार होतो. तो त्या घरात आधीच शिकवून झाला होता.

त्या वर्षापासून मी सुट्टीचा अभ्यास बदलला. त्याचे तत्त्व एका वाक्यात सांगता येईल : *लहान मुलास सुट्टीत असाच अभ्यास द्यावा, ज्यात घरचे माणूस जाणते ठरेल.* अक्षरओळख नसलेले माणूस अज्ञानी नसते. मुलास हे आपण शिकविले नाही, तर शिकता शिकता ते आपल्या घराची लाज बाळगू लागते. आणि घराची लाज वाटणारे मूल शाळेतही मोकळे होत नाही.

३. सुट्टीतील पाच उद्योग

खालील उद्योगांस वेगळी वही, खर्च वा वेगळा वेळ लागत नाही. सर्व उद्योग सर्वांनी करावे असा आग्रह नसावा. प्रत्येक मुलाने दोन किंवा तीन केले तरी पुरे.

(अ) *आठवड्याचा बाजार.* मुलास बाजारास नेणाऱ्या आईने किंवा आजीने एक जिन्नस त्याच्या हातून घ्यावा : एक जुडी मेथी, पाव किलो मिरची अथवा अर्धा डझन केळी. दर त्याने विचारावा, पैसे त्याने द्यावे, उरलेले मोजून घ्यावे. जुडी, वाटा, शेकडा, डझन, किलो ही निरनिराळी मापे मुलास एका फेरीत भेटतात. कोणता जिन्नस वजनाने विकतात आणि कोणता नगावर, एवढे पाहून येण्यास सांगितले तरी पुष्कळ झाले. घासाघीस कशी करावी, हे तर आजीइतके कोणताच शिक्षक शिकवू शकणार नाही.

(आ) *मामाचे गाव.* एस. टी. च्या प्रवासात गाडीची पाटी, थांब्यांची नावे व दुकानांचे फलक वाचण्याची संधी असते. पहिलीच्या मुलाने आपल्या नावातील अक्षरे शोधावी; दुसरीच्या मुलाने वाटेतील गावांची नावे क्रमाने सांगावी. मामाच्या गावी एकाच वस्तूस वेगळा शब्द असतो, तोही ऐकून यावा. पेरूस काही भागांत जांब म्हणतात, हे ऐकून मुलांस मोठी गंमत वाटते. असा शब्द मूल वर्गात सांगेल तेव्हा त्यास हसू नये व कोणास हसू देऊ नये.

(इ) *दिवाळीचा किल्ला.* आपल्याकडे पुष्कळ भागांत दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. दगडविटांचा ढीग रचून, त्यावर ओले पोते टाकून चिखल लिंपला की डोंगर उभा राहतो. त्यावर अळीव किंवा मोहरी पेरली की थोड्याच दिवसांत हिरवे रान उगवते. ह्या एका उद्योगात हस्तकला, भूगोल, इतिहास व बीजांकुरण हे चारही विषय आले. घरच्या वडील माणसाने जवळचा एखादा किल्ला पाहिला असेल, तर त्याचा दरवाजा कोठे आहे, पाणी कोठे आहे, हे त्याने सांगावे व मुलांनी तसे करावे. बाजारातून तयार किल्ला आणला, तर मात्र ह्यातील काहीच हाती लागत नाही.

(ई) *आजीची गोष्ट.* प्रत्येक मुलाने सुट्टीत घरच्या माणसाकडून एक गोष्ट ऐकावी व शाळेत येऊन आपल्या शब्दांत सांगावी. ती लिहून आणण्याची सक्ती नसावी. शिक्षकाने ती मुलाच्याच बोलीत मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवावी. आपण सांगितलेली गोष्ट कागदावर आली, हे पाहून मूल जितक्या उत्सुकतेने वाचू लागते, तितक्या उत्सुकतेने ते पाठ्यपुस्तकही वाचीत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लहान मुलांच्या शिक्षणात घरच्या भाषेवर भर दिला आहे. ह्या उद्योगाने तो हेतूही साधतो. अलीकडे घरोघर मोबाइल आला आहे आणि मूल गप्प बसावे म्हणून तो त्याच्या हाती दिला जातो. नुसता निषेध केल्याने ही सवय सुटणार नाही. आजीची गोष्ट ऐकून येणाऱ्या मुलाची शाळा वाट पाहत आहे, हे घरी कळले तर काहीसा फरक पडेल.

(उ) *बियांचा संग्रह.* उन्हाळ्यात चिंचोके, आंब्याच्या कोयी, सागरगोटे, सीताफळाच्या साठविलेल्या बिया, कडुनिंबाच्या निंबोळ्या सहज मिळतात. मुलांनी त्या गोळा कराव्या व घरच्या माणसांस विचारून नावे सांगावी. चिंचोक्यांचे दहा-दहांचे ढीग करून शंभरापर्यंतची संख्या डोळ्यांनी पाहता येते. ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते; पाऊस झाल्यावर त्यांतील काही बिया शाळेच्या आवारात लावाव्या.

हे सारे करताना एक मर्यादा पाळली पाहिजे. मुलास कामात *सोबत घेणे* वेगळे आणि त्यास *राबविणे* वेगळे. विशेषतः आठ-नऊ वर्षांच्या मुलींवर धाकटी भावंडे सांभाळण्याचा सारा भार पडतो व त्यांची सुट्टी त्यातच संपते. सुट्टीआधीच्या पालकसभेत ही गोष्ट सौम्य शब्दांत, पण स्पष्टपणे सांगावी. खेळ हा प्रत्येक मुलीचाही वाटा आहे.

४. धोक्यांची जाणीव

सुट्टीतील आनंदावर घाला घालणारे अपघात बहुधा पाण्याचे असतात. कठडा नसलेली विहीर, नदीतील डोह, खाणीतील साचलेले पाणी ही ठिकाणे जुनी आहेत. शेततळे हे त्या मानाने नवे. प्लास्टिकच्या अस्तरामुळे त्याचा उतार निसरडा असतो आणि आत पडलेल्या मुलास, ते थोडे पोहणारे असले तरी, वर चढता येत नाही. शेततळ्यास कुंपण असावे व काठावरून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर खुंट्यास कायम बांधलेला असावा, हे पालकांस आवर्जून सांगावे. मुलांस पोहणे अवश्य शिकवावे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ मध्ये पोहण्यास भिणाऱ्या श्यामला आई आग्रहाने पाण्यात पाठविते, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु जाणते, पोहणारे माणूस जवळ असल्याखेरीज पाण्यात उतरू नये, हा नियम मुलांकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यावा. त्याचप्रमाणे कीटकनाशकांचे डबे, विजेच्या पंपाच्या तारा, चालता ट्रॅक्टर व दुपारचे कडक ऊन ह्यांविषयीही सूचना द्याव्या.

५. ज्यांची सुट्टी संपत नाही

काही मुलांच्या बाबतीत दिवाळीची सुट्टी ही सुट्टी नसते. ऊसतोडीसाठी आईबाप बिऱ्हाड घेऊन निघतात, मूलही गाडीत बसते आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाही. सुट्टीपूर्वी शिक्षकाने अशा प्रत्येक घरी स्वतः जावे. मुलास गावीच नातलगांकडे ठेवता येईल काय, हंगामी वसतिगृहाची सोय जवळपास आहे काय, हे पाहावे. जाणे अटळच असेल, तर जेथे बिऱ्हाड पडेल तेथील शाळेत मुलास घालावे, दाखला मिळण्यास उशीर झाला ह्या कारणास्तव कोणतीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे पालकांस समजावून सांगावे. कायद्याची ही तरतूद पुष्कळांस माहीत नसते.

ह्या बाबतीत ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांच्या कार्याचे स्मरण होते. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेले व पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढलेले त्यांचे बालशिक्षणाचे कार्य मुलांची वाट पाहत बसले नाही. पाड्यातील मुले येत नाहीत असे दिसताच बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. मुले गुरे चारावयास जातात असे दिसताच शाळा कुरणात गेली. मुलाचे जीवन जेथे आहे तेथपर्यंत शाळेने जावे, हा त्यांचा धडा सुट्टीच्या प्रश्नासही लागू पडतो.

६. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा

सुट्टीचे फळ शाळा उघडल्यावर दिसते. पहिल्या दिवशी वह्या तपासू नयेत. मुलांस गोलाकार बसवून प्रत्येकास ‘काय पाहिलेस, कोणाकडून शिकलास?’ एवढेच विचारावे. दोन वाक्ये बोलणाऱ्या मुलाचेही ऐकावे. ज्याने काही केले नाही त्यास शिक्षा करू नये. त्याच्या घरी काही अडचण होती काय, हे मागाहून एकांतात पाहावे. विसरलेली अक्षरे व अंक ह्यांची उजळणी त्या आठवड्यात बाजार, प्रवास व बिया ह्यांच्याच आधारे करून घ्यावी.

शक्य झाल्यास एखाद्या शनिवारी एका पालकास वर्गात बोलवावे. वर सांगितलेल्या मुलाचे वडील पुढील महिन्यात असेच शाळेत आले. आधी ते दाराशीच घुटमळले. मग अंबाडी सोडून त्यांनी साऱ्या वर्गासमोर दोर वळून दाखविला आणि त्यांचा मुलगा दुसऱ्या टोकास पीळ धरून उभा राहिला. त्या दिवशी हजेरीपटावर त्याचे नाव घेतले, तेव्हा त्याने दिलेली ‘हजर’ ही हाक नेहमीपेक्षा मोठी होती.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत गेल्या सुट्टीत दिलेल्या अभ्यासापैकी कोणता भाग अक्षरओळख नसलेल्या पालकास अडचणीचा ठरला?
२. आपल्या गावातील पालकांजवळ असलेल्या कोणत्या पाच कौशल्यांचा पहिली-दुसरीच्या अध्यापनात उपयोग करता येईल?
३. गावातील विहिरी, डोह व शेततळी ह्यांपैकी धोक्याची ठिकाणे कोणती? त्यांविषयी ग्रामपंचायतीस काय सुचवावे?
४. येत्या हंगामात स्थलांतर करणारी कुटुंबे किती व त्यांच्या मुलांसाठी कोणती तजवीज केली आहे?