नाव सिडनीत, नोंद ब्शर्रीत

प्रश्न : मुलाकडे सिडनीला तीन महिने राहून आलो. शेजारचं कुटुंब लेबनॉनचं, म्हणजे आजोबा तिकडचे; बाकी सगळे सिडनीतच जन्मलेले. एका रविवारी त्यांच्यासोबत त्यांच्या चर्चमध्ये गेलो. आम्ही वसईचे कॅथलिक, मिस्सा तोंडपाठ. तरी तिथं सगळं ओळखीचं आणि सगळंच अनोळखी वाटलं. थोडं अरबी, थोडं इंग्रजी, मध्येच तिसरीच कुठली तरी भाषा. भिंतीवर पोपच्या शेजारी आणखी एका धर्मगुरूंचा फोटो. विचारलं तर म्हणाले, आम्ही मारोनी. हे लोक कॅथलिक आहेत की नाहीत? आणि ज्या नातवानं लेबनॉन डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तो ‘आम्ही ब्शर्रीचे’ असं इतक्या ठसक्यात का सांगतो?
ता. क. : त्यांनी ऑगस्टमध्ये गावी येण्याचं आमंत्रण दिलं आहे. जावं का?
– एक वाचक, वसई

उत्तर : कॅथलिक आहेत, अगदी पोपला मानणारे. फक्त तुमच्यासारखे लॅटिन परंपरेतले नव्हेत. रोमशी जोडलेल्या पण स्वतःचा पूजाविधी, स्वतःचा कायदा आणि स्वतःचे बिशप असलेल्या पूर्वेकडच्या ज्या ख्रिस्तसभा आहेत, त्यांतली ही एक. आपल्याकडचं उदाहरण हवं तर कल्याणला १९८८ साली ज्यांचा धर्मप्रांत झाला ती केरळची सिरो-मलबार सभा घ्या. तुमचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. मारोनींचा दोन दिवस आधी, राखेच्या सोमवारी. असे फरक मोजत बसलात तर बरेच सापडतील.

नाव पडलं ते संत मारून यांच्यावरून. हे चौथ्या-पाचव्या शतकात सिरियाच्या डोंगरात उघड्यावर राहून तप करणारे संन्यासी. त्यांच्या नावानं ओळखले जाणारे लोक पुढे लेबनॉनच्या कडेकपारीत, कादीशाच्या खोल दरीत जाऊन वसले. तुम्ही ऐकलेली तिसरी भाषा म्हणजे सुरियानी, येशूच्या अरमायिकची जवळची नातेवाईक. आज लेबनॉनमधला कुठलाही मारोनी घरात ती बोलत नाही. मिस्सेतल्या अगदी मोक्याच्या जागी, भाकर आणि द्राक्षारसावर ख्रिस्ताचे शब्द उच्चारताना, ती उरली आहे. याच दरीतल्या कोझहाया मठात १६१० साली स्तोत्रसंहिता छापली गेली, तिच्यात अरबी मजकूर चक्क सुरियानी अक्षरांत आहे. नंतर सहाच वर्षांनी, १६१६ साली, गोव्यात राशोलला फादर स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापलं गेलं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला ही जोडी एकत्र आठवते.

तो दुसरा फोटो पॅट्रिआर्कचा. अरबी बोलीत ‘बतरक’. पूर्ण पदवी ‘अँटिओक आणि समस्त पूर्वेचे पॅट्रिआर्क’ अशी भरघोस. २०११ पासून बशारा बुत्रुस राही या पदावर आहेत. यातलं ‘बुत्रुस’, म्हणजे पेत्र, हे नाव या गादीवर येणारा प्रत्येक जण स्वतःच्या नावाला जोडतो, कारण संत पेत्र रोमला जाण्याआधी अँटिओकला होते अशी श्रद्धा. हिवाळ्यात मुक्काम बैरूतच्या वरच्या अंगाला ब्केर्केला, उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरात दिमानला. त्यांना पोप नेमत नाहीत. मारोनी बिशप एकत्र बसून निवडतात आणि पोप त्या निवडीला सहभागित्वाची मान्यता देतात. पण गंमत अशी, की सिडनीतला मारोनी बिशप मात्र पोप नेमतात. पॅट्रिआर्कचा अधिकार पूर्वेकडच्या ठरावीक प्रदेशापुरता; त्याबाहेर पूजाविधी त्यांचा, नेमणुका रोमच्या. भिंतीवर दोन फोटो का, याचं उत्तर यात आलं.

आता गावाचं, म्हणजे मुख्य मुद्द्याचं.

हे लोक देशाबाहेर पडले ते रेशमापायी, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. एकोणिसाव्या शतकात लेबनॉनच्या डोंगरातली कुटुंबं तुतीची झाडं लावून रेशमाचे किडे पाळत. रेशीम फ्रान्समध्ये लिऑनला जाई. सुएझचा कालवा झाला, चीन-जपानचं रेशीम स्वस्तात युरोपात उतरू लागलं आणि डोंगरातलं गणित बिघडलं. १८६० साली डोंगरात झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या कत्तलींची आठवण ताजी होतीच. पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत डोंगरातली साधारण एक तृतीयांश माणसं बाहेर गेली होती. मग १९१५ ते १९१८ चा दुष्काळ आला. टोळधाड, तुर्की सैन्यानं उचलून नेलेलं धान्य आणि दोस्तराष्ट्रांनी समुद्रातून केलेली नाकेबंदी, तिन्ही एकदम. उरलेल्यांपैकीही अंदाजे एक तृतीयांश माणसं त्यात गेली.

बाहेर पडलेल्यांनी पाठीवर पेटी बांधून फेरीवाल्याचा धंदा केला. ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिकोत लोक त्यांना ‘तुर्क’ म्हणत, कारण हातात पासपोर्ट तुर्की साम्राज्याचा. सिडनीत ते रेडफर्न भागात राहिले आणि तिथं १८९७ साली संत मारून यांचं चर्च उभं राहिलं. आज लेबनॉनबाहेरचे मारोनी आतल्यांपेक्षा जास्त आहेत. बाहेर गेलेल्याला अरबीत ‘मुगतरिब’ म्हणतात. त्याच धातूतून ‘गरीब’ निघाला. अरबीत त्याचा अर्थ परका, परमुलखातला. फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत त्याचा अर्थ ‘पैसे नसलेला’ झाला. परमुलखात पहिली काही वर्षं काढलेल्या कुणालाही यात विसंगती दिसणार नाही.

पण गेलेल्यांचं गाव सुटत नाही. याचं कारण शोधताना लोक श्रद्धा, संस्कृती, आईच्या हातचं जेवण वगैरे सांगतात. ते खोटं नाही. माझ्या मते मात्र खरी गाठ कचेरीत बसली आहे. लेबनॉनमध्ये प्रत्येक नागरिकाची नोंद घराण्याच्या क्रमांकानिशी मूळ गावच्या वहीत असते, शेजारी पंथ लिहिलेला. जन्म बैरूतला झाला, उभी हयात बैरूतला गेली, तरी मत द्यायला त्याच गावी जायचं. आपल्याकडे शिमग्याला गाड्या भराव्यात तशा तिथं निवडणुकीच्या दिवशी डोंगराच्या रस्त्यांवर गाड्या लागतात. मुलीचं लग्न झालं की तिचं नाव नवऱ्याच्या गावच्या वहीत जातं. देशात नोंदणी-लग्नाची सोय नाही. लग्न, काडीमोड सगळं ज्याच्या-त्याच्या पंथाच्या कायद्यानं. ज्यांना धर्मगुरू नको असतात ती जोडपी सायप्रसला जाऊन लग्न लावून येतात. म्हणजे चर्चचा कागद हा तिथं नुसता देवाघरचा कागद नाही. बाप्तिस्मा, लग्न, गाव, पंथ, मत हे सगळं एकाच दोऱ्यात ओवलेलं आहे. त्यामुळे तुमच्या शेजाऱ्यांच्या नातवाला ‘आम्ही ब्शर्रीचे’ म्हणताना घरातली आठवण पुरे असते, पण त्या आठवणीच्या मागे एक वही उघडी असते.

ती वही राजकारणाचीही आहे, हे लपवायचं कारण नाही. राष्ट्राध्यक्ष मारोनी, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचे सभापती शिया, ही वाटणी १९४३ पासूनची. लेबनॉनमध्ये शेवटची जनगणना झाली १९३२ साली. त्यानंतर कुणीही मोजायला धजावलेलं नाही, कारण आकडे बदलले तर वाटणीही बदलावी लागेल. अशा देशात परदेशी गेलेला माणूस हाही आकडाच. म्हणून २००६ साली चर्चच्या पुढाकारानं मारोनी प्रतिष्ठान निघालं आणि जगभरच्या मारोनींच्या मागे लागलं : लग्नं नोंदवा, मुलं नोंदवा, नागरिकत्व घ्या. २०१५ साली कायदाही झाला, की ज्यांच्या पूर्वजांची नावं १९२० आणि ३० च्या दशकांतल्या वह्यांत आहेत, त्यांनी दहा वर्षांत अर्ज करावा.

वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. नागरिकत्व जातं फक्त बापाकडून. आजी ब्शर्रीची आणि आजोबा इटलीचे, तर विषय संपला. दुसरी अडचण आडनावांची. बंदरावरच्या कारकुनानं कानाला पडलं तसं लिहिलं. काहींनी स्वतःच भाषांतर केलं : हद्दाद म्हणजे लोहार, तो इंग्रजी मुलखात स्मिथ झाला, ब्राझीलमध्ये फेरेरा. ‘खूरी’ या आडनावाचे ब्राझीलमध्ये कूरी झाले, अमेरिकेत कोरी. खूरी म्हणजे धर्मगुरू. कॅथलिक धर्मगुरूचं आडनाव मुलाबाळांत कसं चालू राहतं, असं तुम्ही विचाराल. तर मारोनींत विवाहित पुरुषाला धर्मगुरूची दीक्षा मिळू शकते. लेबनॉनच्या गावागावात असे बायकामुलांचे फादर आहेत. अमेरिकेत यावर रोमची बंदी होती, ती २०१४ साली उठली.

श्रद्धेचा धागाही पाहू. शेजाऱ्यांच्या घरात एका म्हाताऱ्या साधूचं चित्र नक्की पाहिलं असेल : पांढरी दाढी, काळी टोपी, पापण्या खाली. ते संत शर्बेल. १८२८ साली डोंगरातल्या बेका कफ्रा गावात जन्म, १८९८ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी अन्नायाच्या मठात मृत्यू. त्यांना १९७७ साली संतपद दिलं ते पोप सहावे पॉल यांनी. वसईच्या तुमच्या पिढीला हे पोप ठाऊक असणार, कारण डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईच्या ओव्हल मैदानावरच्या युकरिस्टिक काँग्रेसला आलेले तेच. मुंबईला येतानाच त्यांचं विमान बैरूतला तासाभरासाठी थांबलं होतं.

शर्बेल डोंगर सोडून कधी कुठं गेले नाहीत. पण मेक्सिकोत कुठल्याही मोठ्या चर्चमध्ये जा, त्यांच्या पुतळ्याच्या हातांवर रंगीबेरंगी फितींचे भारेच्या भारे लटकलेले दिसतात, प्रत्येक फितीवर पेनानं लिहिलेलं एकेक मागणं. फीत बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांना लेबनॉन नकाशावर दाखवता येणार नाही. देशांतर केलेल्यांनी आपला संत सोबत नेला आणि यजमानांनी तो आपलासा केला. सायप्रसमध्ये उलटं घडलं. तिथल्या कोर्माकिटी गावचे मारोनी शतकानुशतकं स्वतःची अरबी बोली बोलत. १९७४ साली बेट दुभंगलं, गाव तुर्की बाजूला गेलं, माणसं दक्षिणेत पांगली. चर्च टिकलं, बोली म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली आहे.

पैशाबद्दल थोडक्यात. बाहेरून दरवर्षी सहा अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम लेबनॉनला येते. जुन्या घरांवरची लाल कौलं, चर्चची घंटा, शाळेचं दार, सगळीकडे बाहेरचा हात आहे. २०१९ साली बँकांनी ठेवी अडकवल्या तेव्हा म्हातारपणी गावी परतू म्हणून पुंजी तिथं ठेवलेले मुगतरिबही बुडाले. आजही ते भावाला पैसे पाठवतात, बँकेत ठेवत नाहीत.

कोल्हापूरच्या एका वाचकाचा प्रश्न माझ्याकडे दोन महिने पडून होता, तो इथं बसतो : ‘वि. स. खांडेकरांच्या “सुवर्णकण”मुळे खलील जिब्रान माहीत झाला. तो मुसलमान ना?’ नाही. जिब्रानही मारोनीच, आणि ब्शर्रीचाच. १८८३ चा जन्म. आई कामिला मारोनी धर्मगुरूची मुलगी. बाराव्या वर्षी तो बॉस्टनला गेला, पंधराव्या वर्षी अरबी शिकायला परत बैरूतच्या मारोनी शाळेत आला आणि पुन्हा गेला. धर्मगुरूंवर त्यानं तरुणपणी सडकून लिहिलं. तरी १९३१ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला वारला, तेव्हा शवपेटी जहाजानं बैरूतला आणून डोंगर चढवली गेली, आणि आज तो ब्शर्रीच्या मार सर्किस या जुन्या मठात आहे. पुस्तकांचं मानधन मृत्युपत्रानं गावाला गेलं. त्या पैशांवरून गावातल्या घराण्यांत चांगली जुंपली, हेही सांगायला हवं.

राहिला तुमचा ता. क. देशातली परिस्थिती आणि विमानं पाहून, जरूर जा. १४ ऑगस्टच्या संध्याकाळी गावात पोचा, कारण १५ ला स्वर्गोन्नयनाचा सण. आदल्या रात्री अनेक गावांत चर्चच्या अंगणात मोठाली भांडी चुलीवर चढतात. सोललेले गहू आणि मांस रात्रभर आळीपाळीनं घोटायचं. नाव हरीसा. तुम्ही मोहम्मद अली रोडवर रमजानात हलीम खाल्लं असेल, तर त्याचंच हे मूळ घराणं. घोटणाऱ्यांत निम्मे सिडनीचे, मॉन्ट्रियलचे, साओ पाउलोचे असतील. कुणीतरी लाकडी घोटा तुमच्या हातात देईल आणि विचारेल, ‘बेत मीन?’ शब्दशः, कुणाचं घर. आपण ‘कुणाकडचे तुम्ही?’ म्हणतो ना, तेच. वसई एवढंच सांगून भागणार नाही, पुढं आळीचंही नाव सांगा.