किलोने नव्हे, मीटरने मोजा : जुन्या ब्लाइंडमधून हलाल रोजगार

एखाद्या कार्यालयाचे फर्निचर बदलायचे ठरले की सर्वांत आधी खाली उतरतात ते खिडक्यांवरचे पट्टीचे पडदे. बाजारात त्यांना 'ब्लाइंड' म्हणतात. दोरी तुटलेली असते, दोन-चार पट्ट्या वाकलेल्या असतात, बाकी सारा माल शाबूत असतो. तरीही सगळा पसारा गुंडाळून टेम्पोत टाकला जातो आणि थेट भंगाराच्या काट्यावर चढतो. आता मध्यमवर्गीयांच्या घरांतही हे पडदे आले आहेत आणि रंग बदलला की तेही असेच खाली उतरतात.

या मालाशी संबंध येणाऱ्यांत आपले बांधव पुष्कळ आहेत. पडदे बसवणारे मिस्त्री, भंगारवाले, सुतार, शिंपी, जुन्या सामानाचे दुकानदार, सारे या साखळीत आहेत. मुंबईत कुर्ला आणि धारावीचे भंगाराचे गाळे, जोगेश्वरीचा ओशिवरा फर्निचर बाजार, चोर बाजार अशा ठिकाणी हे काम रोज दिसते. परंतु ज्या मालातून कारागिराला मजुरी मिळू शकते, तोच माल आपण वजनावर देऊन मोकळे होतो.

उधळपट्टीला, म्हणजे इस्राफला, कुरआनने मनाई केली आहे. ही मनाई आपण बहुधा ताटातल्या अन्नापुरती धरतो. हातात कसब असताना उपयोगी वस्तू फेकून देणे, हाही इस्राफच आहे. म्हणून या लेखात जुन्या ब्लाइंडचे काय करता येते, काय मुळीच करू नये, आणि त्याचा हिशेब कसा मांडावा, हे क्रमाने पाहू.

एक साधा हिशेब

चार फूट रुंद आणि पाच फूट उंच, म्हणजे अंदाजे १२० बाय १५० सेंटिमीटरची खिडकी धरा. तिच्यावर २५ मिलिमीटर रुंदीच्या ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांचा पडदा आहे. पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, त्यामुळे एवढ्या उंचीत सुमारे ७० पट्ट्या बसतात. पट्टीची जाडी साधारण ०.२ मिलिमीटर असते. अशा एका पट्टीचे वजन भरते अवघे १६ ग्रॅम. सत्तर पट्ट्यांचे मिळून सव्वा किलोसुद्धा होत नाही.

आता तोच माल लांबीने मोजा. सत्तर पट्ट्या, प्रत्येकी १२० सेंटिमीटर, म्हणजे ८४ मीटर! रंग दिलेली, न गंजणारी, साध्या कात्रीने कापता येणारी ८४ मीटर पट्टी भंगारवाल्याच्या काट्यावर किलोभर ठरते. हा एक फरक ज्याच्या लक्षात आला, त्याला या धंद्याची किल्ली सापडली.

आधी दुरुस्ती, मग नवी वस्तू, शेवटी भंगार

हा क्रम मोडू नये. कोणत्याही वस्तूला सर्वांत जास्त किंमत तिच्या मूळ कामासाठीच मिळते. म्हणून पडदा हातात आला की प्रथम पाहावे, तो पुन्हा पडदा म्हणून उभा राहतो का?

आडव्या पट्ट्यांच्या पडद्यात खालच्याच पट्ट्या जास्त वाकतात. अशा वेळी खालच्या दांडीची टोपणे काढावीत, आतल्या गाठी सोडाव्यात आणि दोरी वर ओढून घ्यावी. पट्ट्या आता मोकळ्या होतात. वाकलेल्या काढून टाकाव्यात, चांगल्या पुन्हा शिडीसारख्या दोऱ्यात सरकवाव्यात, दोरी ओवून गाठी माराव्यात. उरलेली शिडीदोरी कापून खालची दांडी वर घ्यावी. कार्यालयाचा पाच फुटी पडदा घराच्या चार फुटी खिडकीला चालतो. दोन पडदे मोडून एक धड करता येतो. या कामाला पक्कड, पेचकस, कात्री आणि संयम एवढेच भांडवल लागते.

बांबूच्या काड्यांची चिक, आपल्या जुन्या घरांतली चिलमन, हीसुद्धा अशीच वाचवता येते. पावसाने तिचा खालचा भाग आधी कुजतो. कुजलेल्या काड्या काढून, सुतळीने नवी किनार बांधून घेतली की चिक थोडी आखूड होते, पण पुन्हा कामाला येते.

पडदा उभा राहणारच नसेल, तर तो पूर्ण सुटा करावा. ब्लाइंड ही एक वस्तू नसून चार-पाच प्रकारच्या मालाची मोळी आहे. पट्ट्या, दोरी, वरची पन्हळ, खालची दांडी, प्लॅस्टिकचे लहान भाग, सारे वेगवेगळ्या पेटीत ठेवावे. चालू स्थितीतले जुने भाग दुसऱ्या पडद्याच्या दुरुस्तीला लागतात आणि सुटे भाग शोधत फिरणारे मिस्त्री ते घेऊनही जातात.

धुण्याची रीत

कार्यालयातल्या पडद्यांवर अनेक वर्षांची धूळ असते. तोंडाला फडके बांधून आधी ती झटकावी. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या साध्या साबणाच्या पाण्यात भिजवून मऊ फडक्याने पुसाव्यात. कॉस्टिक सोडा किंवा ॲसिड वापरू नये. दोन्हीही ॲल्युमिनियम खातात. कापडी पट्ट्या पिळू नयेत, चुरगळल्या की त्यांचा ताठपणा जातो. ओल्या फडक्याने पुसून त्या सावलीत टांगून वाळवाव्यात.

ॲल्युमिनियमच्या पट्टीतून

सर्वांत सोपी आणि खपणारी वस्तू म्हणजे झाडांच्या नावपट्ट्या. रोपवाटिकांना त्या सतत लागतात. कोकणात कलमांच्या बागेत हापूस कोणता, केसर कोणता आणि रत्ना कोणता, हे पानावरून सामान्य गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही. कागद भिजतो, शाई उन्हाने उडते. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने किंवा रिफील संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहिलेले अक्षर मात्र वर्षानुवर्षे टिकते.

वरच्या उदाहरणातल्या १० पट्ट्या वाकलेल्या निघाल्या असे धरा. उरल्या ६०. एका पट्टीतून १५ सेंटिमीटरचे ८ तुकडे, म्हणजे एका पडद्यातून ४८० नावपट्ट्या. मूळ पट्टीत दोरीसाठी पाडलेली लांबट भोके असतात. ज्या तुकड्यात भोक येईल तो तारेने फांदीला टांगण्यासाठी ठेवावा, बाकीच्यांचे एक टोक निमुळते करून मातीत खोचण्यासाठी. अशा रीतीने भोकाचाही उपयोग होतो.

एक काळजी अवश्य घ्यावी. कापलेली कड ब्लेडसारखी असते. हातमोजे घालून काम करावे, प्रत्येक कोपरा गोल करावा आणि कडेवरून कानस किंवा पॉलिश पेपर फिरवावा. हे केल्याशिवाय माल देऊ नये.

उरलेले तुकडे मात्र बिनदिक्कत भंगारात द्यावेत. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा जुने वितळवायला लागते. म्हणजे तेही वाया जात नाही.

कापडी पट्टीतून

कार्यालयांतले उभे पडदे बहुधा १० सेंटिमीटर रुंदीच्या पॉलिएस्टरच्या पट्ट्यांचे असतात. कापडाला खळ देऊन ते ताठ केलेले असते, म्हणून कापल्यावर दोरे सुटत नाहीत. शिंपीकाम जाणणाऱ्याला आणि घरी बसून काम करणाऱ्या भगिनींना हा माल फार सोयीचा आहे.

दस्तरखानावर ताटाखाली ठेवायची चटई हे एक उदाहरण घेऊ. दीड मीटर उंचीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. प्रत्येकीच्या उभ्या चार फिती कापाव्यात, म्हणजे एक फीत अडीच सेंटिमीटरची होईल. पहिल्या पट्टीच्या फितींचे ५० सेंटिमीटरचे तुकडे करावेत. १२ निघतात, ११ लागतात. दुसरीच्या फितींचे ३० सेंटिमीटरचे तुकडे करावेत. २० निघतात, १८ लागतात. लांब तुकडे शेजारी-शेजारी मांडून आखूड तुकडे एक वर, एक खाली असे विणावेत आणि कडेला कापडी गोट शिवावा. साधारण ४५ बाय २७ सेंटिमीटरची चटई तयार होते. तीन मीटर रुंद खिडकीच्या पडद्यात सुमारे ३३ पट्ट्या असतात. डागाळलेल्या तीन सोडल्या तरी ३० पट्ट्यांतून १५ चटया होतात. दोन रंगांचे पडदे मिळाले तर नक्षीही साधते.

याच मालातून वह्यांचे वेष्टण, कपाटाच्या खणातले अस्तर, अवजारे गुंडाळून ठेवायची पिशवी अशा वस्तू होतात. गुंडाळीच्या ब्लाइंडचे कापड रुंद असते, त्याचे शिलाई मशीनचे आच्छादन चांगले होते आणि आतली ॲल्युमिनियमची नळी साध्या पडद्याची दांडी म्हणून वापरता येते. लाकडी ब्लाइंडच्या दोन इंची पट्ट्या खणातले कप्पे आणि लहान तबकांच्या तळासाठी चालतात. त्या सुमारे तीन मिलिमीटर जाड असल्याने त्यांच्यावर भार येईल असे काही करू नये.

कापड कापताना कडेला काचेसारखे चमकणारे, बोटाला टोचणारे धागे दिसले तर ते काचतंतूचे आहे असे समजावे आणि बाजूला ठेवावे. त्याची कात त्वचेला आणि श्वासाला त्रास देते.

या दोन गोष्टींना हात लावू नका

पहिली म्हणजे जुन्या प्लॅस्टिकच्या, अर्थात पीव्हीसीच्या पट्ट्या. १९९६ साली अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने बाहेरून आलेले असे पडदे तपासले, तेव्हा त्यांत शिसे आढळले. प्लॅस्टिक टिकाऊ व्हावे म्हणून ते घातलेले होते. ऊन आणि उष्णतेने प्लॅस्टिक झिजले की पट्टीवर शिशाची धूळ जमते. ही धूळ मुलांच्या हाताला लागून तोंडात जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते. शिशाचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्या हातात आलेली जुनी पट्टी केव्हाची आणि कोठली, हे सांगता येत नाही. म्हणून नियम सोपा ठेवावा. पट्टी वाकवून पाहावी. धातूची पट्टी पातळ असते, वाजते आणि जास्त वाकवली की तिला कायमची घडी पडते. प्लॅस्टिकची जाडसर असते आणि मऊपणे वाकते. प्लॅस्टिकची असेल तर तो माल घेऊच नये. आलाच तर कापू नये, घासू नये, जाळू तर मुळीच नये. जळताना त्यातून विषारी, आम्लयुक्त धूर निघतो. ओल्या फडक्याने झाकून, जाड पिशवीत बांधून नगरपालिकेच्या घातक कचऱ्यात वेगळा द्यावा.

दुसरी गोष्ट म्हणजे दोरीचा फास. पडद्याच्या लोंबत्या दोरीत मान अडकून लहान मुले दगावतात, आणि हे काही क्षणांत, आवाज न होता घडते. म्हणूनच अमेरिकेत डिसेंबर २०१८ पासून दुकानात तयार मिळणारे पडदे विनादोरीचे किंवा दोरी हाताला न लागणारे असावेत, असे मानक लागू झाले. दुरुस्त केलेला पडदा देताना दोरीचा फास कापून मोकळा करावा, दोरी आखूड ठेवावी आणि भिंतीवर उंच जागी गुंडाळायची खुंटी ठोकून द्यावी. पाळणा किंवा पलंग त्या खिडकीजवळ ठेवू नका, हे गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगावे. चार पैशांची खुंटी वाचवण्यात कोणाचे मूल जाऊ नये.

ऐब सांगून विका

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना ते दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपल्याला ठाऊक आहे. जुन्या मालाच्या धंद्यात हीच शिकवण भांडवल आहे. दुरुस्त केलेला पडदा नवा म्हणून विकू नये. चटईवर गरम पातेले थेट ठेवू नये, हे आधीच सांगावे. लपवलेला दोष निघाल्यास माल परत करण्याचा हक्क शरीअतने गिऱ्हाइकाला दिला आहे. तो कुरकुर न करता मानावा.

याहून आधीचा प्रश्न मालकीचा आहे. नवा पडदा बसवायला गेलेला मिस्त्री जुना उचलून आणतो, तेव्हा घरमालकाला विचारलेले असते काय? जुना असला तरी माल त्याचा आहे. एक वाक्य विचारून घ्यावे, शक्य तर पावतीवर लिहून घ्यावे. कार्यालयाच्या बाबतीत शिपायाची नव्हे, ज्याला अधिकार आहे त्याची परवानगी घ्यावी.

किंमत कशी ठरवावी

दर गावोगावी वेगळे असतात, म्हणून आकडे ज्याचे त्याने भरावेत. वहीत पाच ओळी काढाव्यात : माल घेतल्याची किंमत, आणण्याचे भाडे, धुणे-सोडवणे यांचा वेळ, बनवण्याचा वेळ, आणि वाया गेलेला माल. आपल्या वेळेची मजुरी बाहेरच्या कारागिराच्या दराने धरावी. घरच्या बायका-मुलींनी विणले म्हणून ते फुकट धरू नये. त्यांचा वाटा त्यांच्या हातात द्यावा. या पाच ओळींच्या बेरजेला तयार नगांच्या संख्येने भागले की एका नगाचा खर्च निघतो. त्यावर नफा चढवून येणारी किंमत गिऱ्हाईक देत नसेल, तर ती वस्तू सोडून दुसरी करावी. विक्रीसाठी ठेवलेला माल जकातीच्या हिशेबात येतो, हेही वर्षअखेरीस लक्षात असू द्यावे.

या धंद्याला व्याजाचे कर्ज लागत नाही. एक पडदा आणा, सोडवा, त्यातून निघालेल्या वस्तू जवळच्या रोपवाटिकेत किंवा ओळखीच्या दुकानात दाखवा. खपल्या तर दुसरा आणा. पुढच्या वेळी भंगाराच्या काट्यावर ब्लाइंड चढताना दिसला, तर काटा थांबवा आणि आधी टेप काढा.

अल्लाह आपल्या हातांच्या कमाईत बरकत देवो. आमीन.