‘जरा मागे सरका’ म्हणू नकोस

अगं, काल फोनवर तू विचारलंस, “ताई, रविवारी सगळ्यांना घेऊन कर्जतला निघालेय, त्याआधी नवा फोन घेऊन टाकू का? याच्यावर फोटो चांगले येत नाहीत.” अजिबात घेऊ नकोस. तुझ्या गेल्या सहलीचे फोटो मी सगळे बघितलेत. फोन उत्तम आहे, त्यातली माणसं लांब आहेत. आख्खा धबधबा यावा म्हणून तू सगळ्यांना मागे मागे सरकवत नेलंस आणि आईचं तोंड हरभऱ्याच्या दाण्याएवढं झालं.

‘जरा मागे सरका’ या शब्दांचा मी धसका घेतलाय. सासूबाईंचा हात मोडला होता हे तुला माहीत आहे, पण कसा मोडला ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. भिवपुरीला ओढ्याकाठी मीच त्यांना म्हणाले होते, “आई, जरा मागे सरका, पाणी येत नाहीये फोटोत.” त्या बिचाऱ्या माझ्याकडे बघत, हसत, पायाखाली न बघता मागे सरकल्या. शेवाळलेला दगड होता आणि पायात रबरी चप्पल. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. घसरण्याच्या आदल्या क्षणाचा तो फोटो अजून माझ्याकडे आहे, मला तो पुसवत नाही. त्या दिवसापासून मी फोटोसाठी माणसाला हलवत नाही, स्वतः हलते.

आणि गंमत बघ, तेव्हापासून माझे फोटोही सुधारले. आपण पुढे गेलो की समोरचा माणूस मोठा होतो, त्याच्या कपाळावरचा पावसाचा थेंबसुद्धा दिसतो. मागे पाण्याची एक पांढरी रेघ आली तरी धबधबा कळतो. दोन-अडीच हातांवर जा. फक्त इतक्या जवळून ती 0.5 ची रुंद लेन्स लावू नकोस, कडेच्या माणसाचा चेहरा ताणल्यासारखा होतो.

लहान मुलांसाठी उकिडवं बसायचं. वरून काढलेल्या फोटोत नुसते केस आणि टोपी येते. कर्जत स्टेशनवरच बघ, पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढायला मागून इंजिनं जोडतात ती इथेच. तुझ्या छोटूला ते बघायला नक्की आवडेल. तेव्हा प्लॅटफॉर्मच्या पिवळ्या रेषेच्या आत त्याच्या शेजारी बस, फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीला धर आणि त्याला हाक मारू नकोस. त्याला इंजिन बघू दे. ‘इकडे बघ’ म्हटलं की तोंडावर जे हसू येतं ना, ते शाळेच्या ओळखपत्रावरच्या फोटोसारखं असतं. स्टेशनवरच्या गरम वड्याचंही तेच. वडा हातात देऊन कुणाला उभं करायचं नाही. आपण बाकाच्या अशा बाजूला जायचं की उजेड वड्याच्या मागून येईल, मग वाफ दिसते. पहिला घास घेताना आई डोळे मिटते, तो फोटो घे.

पावसाळ्यात उजेडाची चिंता नसते, ढग म्हणजे आभाळभर ताणलेली मलमल. भर दुपारीही चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडत नाहीत. एकच करायचं, स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लाव आणि पाणी फारच पांढरंफटक दिसलं तर उजेडाची खूण थोडी खाली ओढ. दिवाळीनंतर गेलीस तर हिशेब बदलतो. कर्जतच्या पूर्वेला राजमाची, ढाक, म्हणजे सगळी सह्याद्रीची भिंत, त्यामुळे सकाळचं ऊन उशिरा खाली उतरतं. संध्याकाळी तीच भिंत उन्हाने तांबूस होते. पण सूर्य माथेरानच्या डोंगराआड लवकर जातो, तेव्हा चहाच्या नादात राहू नकोस.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या फोटो काढलास तर धुरकट येतील. दमट हवेची वाफ गार काचेवर धरते. फोन पाच-दहा मिनिटं बाहेरच्या हवेला सरावू दे, मग जुन्या धुतलेल्या सुती पंच्याच्या तुकड्याने लेन्स पूस. पदराने पुसू नकोस, त्याला तेलाचा हात लागलेला असतो. निम्मे ‘खराब फोटो’ या पंच्याच्या तुकड्याने चांगले होतात, खरं सांगते.

कोंढाणे लेण्यांवर जाणार असाल तर कोंदिवड्यातून चालताना आधी पाण्याचा आणि वाटेचा अंदाज गावकऱ्यांना विचार. वर पोचलात की भरल्या पावसात कड्यावरून पाणी लेण्यांच्या तोंडाशी पडद्यासारखं पडत असतं. सगळे लोक तिथेच फसतात. आतल्या अंधारात उभं राहून बाहेरच्या पाण्यासमोरच्या माणसांचा फोटो घेतात आणि चेहरे काळे आले म्हणून हिरमुसतात. अगं, तिथे दोन वेगळे फोटो आहेत. पहिल्यात बोट पाण्यावर ठेव, माणसं नुसत्या आकृत्या होऊ देत. आईचा अंबाडा, छोटूचं बोट दाखवणं, बाबांचं मागे हात बांधून उभं राहणं. आपल्या घरातलं कुणीही सावलीवरून ओळखू येतं. दुसऱ्यासाठी सगळ्यांना लेण्याच्या तोंडाजवळच्या कोरड्या जागी, बाहेर बघत बसव आणि तू एका कडेला जा. बाहेरचा उजेड थेट चेहऱ्यावर पडतो, स्टुडिओत मिळणार नाही इतका मऊ. मात्र पडत्या पाण्याखाली, निसरड्या कडेवर कुणीही जायचं नाही.

उंबरखिंडीत तेवढं उलटं कर. 1661 च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज जिथे कोंडली, ती खालापूर तालुक्यातली जागा. स्मारकासमोर मुलं ओळीने उभी केली की अरुंद वाट, दोन्ही बाजूंचं रान, काहीच कळत नाही. इथे तू लांब जा, मुलं लहान दिसू देत.

महडला वरदविनायकाच्या गाभाऱ्यात फोन पर्समध्येच राहू दे. तिथला नंदादीप 1892 पासून तेवतोय असं सांगतात, तो डोळ्यांनी बघ. फोटो बाहेर आल्यावर, कपाळावर ओलं कुंकू असताना.

आता दोन गोष्टी जरा कडक शब्दांत. पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर आणि धरणांवर बऱ्याचदा बंदीचा हुकूम निघतो. हुकूम असेल तर जायचं नाही, ‘सगळेच जातात’ हे कारण नाही. बंदी नसली तरी पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला, की फोटो अर्धा सोडून वर यायचं. डोंगरावर पडलेला पाऊस आपल्यापर्यंत पोचायला वेळ लावत नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. भातलावणी करणाऱ्या बायका, वाटेवर करवंदं नाहीतर रानभाज्या विकणाऱ्या ठाकर, कातकरी बायका म्हणजे आपल्या फोटोची शोभा नव्हे. आधी थांब, बोल, विचार. ‘नको’ म्हणाल्या तर नको. आणि चौककडून इर्शाळगडाचा सुळका दिसेल, तो पाठीमागे घेऊन कुणाला हसायला सांगू नकोस. 19 जुलै 2023 च्या रात्री त्याच्याच कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मुलांनी विचारलं तर त्यांना सांग काय झालं ते.

बाबांचा क्लिक थ्री कॅमेरा आठवतो? रोलमध्ये बारा फोटो. माथेरानच्या दोन दिवसांत बाराच, म्हणून बाबा प्रत्येक वेळी आधी आपल्याकडे बराच वेळ बघायचे. तू तीनशे काढशील, काढ. पण परत आल्यावर आठवडाभरात त्यातले वीस निवड, चार बाय सहाचे कागदावर छापून घे आणि मागे मऊ पेन्सिलीने लिही. कोण, कुठे, कधी. लिहून ठेवण्याचं मोल कोंढाण्यालाच कळतं. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका भंगलेल्या मूर्तीचं मस्तक उरलंय. त्याच्याजवळ ब्राह्मी अक्षरांत कोरलंय की हे कण्हाचा शिष्य बलक याने केलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, त्याचं आणि त्याच्या गुरूचं नाव तेवढं आपल्याला ठाऊक आहे, तेही त्याने लिहून ठेवलं म्हणून. मुलांना ती अक्षरं दाखव.

आणि फोटोंच्या मागे सगळ्यांची नावं लिहून झाली की खाली तुझंही लिही. वीसच्या वीस फोटोंत तू कुठेच नसणार, मला माहीत आहे. निदान एक तरी छोटूच्या हातात फोन देऊन काढून घे. वाकडा आला तरी तो निवडलेल्या विसांत ठेव, आणि त्याच्या मागे त्यालाच त्याचं नाव लिहू दे.