न दिसणारे ओझे

ओल्या मातीतून चालणाऱ्या माणसाची पावले मागे उमटतात आणि पहिल्या सरीबरोबर पुसूनही जातात. परंतु माणसाच्या नित्य व्यवहाराची एक खूण हवेत उमटते. ती डोळ्यांना दिसत नाही, आणि तिचा काही भाग शेकडो वर्षे पुसला जात नाही. तिला 'कार्बन पाऊलखूण' असे म्हणतात. एका माणसाचे अन्न, प्रवास, दिवाबत्ती यांसाठी जे इंधन जळते, त्यापासून वर्षभरात हवेत किती कार्बन डायऑक्साइड व तत्सम वायू मिसळले, याचा हा हिशेब होय.

हा हिशेब मोठा नवलाचा आहे. एक लीटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो भरते. ते जळाले म्हणजे नाहीसे झाले, असे वाटते. वस्तुतः त्यापासून सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे जास्तीचे वजन आले कोठून? पेट्रोलमधील कार्बनचा प्रत्येक अणू जळताना हवेतील प्राणवायूचे दोन अणू आपल्याशी जोडून घेतो. वाढलेले वजन त्या प्राणवायूचे असते. विजेचेही असेच आहे. भारतातील बहुतांश वीज अद्याप कोळशापासून निर्माण होते. म्हणून रिकाम्या खोलीत फिरत राहिलेला पंखाही चंद्रपूर किंवा कोराडी यांसारख्या ठिकाणी कोळसा जाळीत असतो.

हा वायू मुळात शत्रू नव्हे. त्याच्यावर वनस्पती जगतात. आणि पांघरुणाप्रमाणे तो पृथ्वीची ऊब राखतो. पण हे पांघरूण आता जाड होत चालले आहे. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे 280 भाग होते. 1958 साली चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर त्याचे नियमित मापन सुरू केले, तेव्हा ते सुमारे 315 होते. 2024 साली ते 420 च्याही वर गेले.

हवा एका अंशाने तापली, की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धारण करू शकते. मग पाऊस पडत नाही, कोसळतो. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांना 2017 साली आढळून आले. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. एखाद्या वादळाचा सारा दोष या वायूवर ठेवता येत नाही, हे खरे. तथापि अरबी समुद्र तापत आहे, आणि तापलेले पाणी हेच वादळाचे बळ होय. नवा माड फळाला येण्यास मात्र कित्येक वर्षे लागतात.

येथे न्यायाचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे 14 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारतात सुमारे 2 टन. भारतातही मोटारीतून फिरणाऱ्याचे ओझे पायी चालणाऱ्याहून कितीतरी अधिक असते. ज्याची पाऊलखूण लहान, त्याचेच छप्पर पुष्कळदा आधी उडते.

एका घरातील दिवा मालवल्याने समुद्र निवणार नाही. कारखाने, वीजकेंद्रे आणि राज्यकर्ते यांनी आपला मार्ग बदलल्यावाचून हे ओझे उतरणार नाही. परंतु त्यांना जाब विचारणार कोण? ज्याने स्वतःचा हिशेब चोख ठेवला आहे, त्याच्याच प्रश्नाला वजन येते.

स्वाध्याय

1. एक लीटर पेट्रोलपेक्षा त्यापासून निर्माण होणाऱ्या वायूचे वजन अधिक का भरते?
2. या वायूला 'पांघरूण' का म्हटले आहे?
3. 'ज्याची पाऊलखूण लहान, त्याचेच छप्पर पुष्कळदा आधी उडते.' या विधानाचा आशय स्पष्ट करा.
4. आपल्या घरातील एका महिन्याच्या वीजवापराची नोंद करा आणि कोणता वापर टाळता आला असता, ते लिहा.