दुपारी माना टाकलेला वाल



जानेवारीत आपल्यापैकी काही जण जव्हारकडच्या पाड्यांवर येऊन गेले. भात कापल्यावर जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर घेतलेला वाल त्यांनी पाहिला. भर दुपारची वेळ, झाडांनी माना टाकलेल्या. परतल्यावर एका मंडळीने पंपाच्या डिझेलसाठी लगेच पैसे पाठवले. त्यांचे मनापासून आभार. पण पाणी आजच द्यायचे की नाही, हे दुपारचे पान सांगत नाही. म्हणून या अंकात थोडा अभ्यास करू.

झाड मुळांनी पाणी ओढते आणि पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफेच्या रूपाने सोडते. ओढलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक असे हवेतच जाते. कडक उन्हात हा खर्च मुळांच्या पुरवठ्याला झेपत नाही, पेशींचा ताठपणा कमी होतो आणि पान लोंबते. जमिनीत ओल असतानाही हे घडते. सायंकाळनंतर छिद्रे मिटतात आणि मुळे रात्रभर तूट भरून काढतात. पहाटेपर्यंत पानातली पाण्याची ओढ आणि मुळांभोवतीच्या मातीची ओढ जवळजवळ सारखी होते.

ही ओढ मोजताही येते. १९६५ मध्ये शोलँडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवले. तोडलेले पान बंद भांड्यात ठेवायचे, देठाचे टोक बाहेर काढायचे आणि आत वायूचा दाब वाढवत न्यायचा. देठावर रस दिसू लागतो तेव्हाचा दाब म्हणजे झाडातल्या ओढीचे माप. आपल्याकडे ते यंत्र नाही, पण सूर्य उगवायच्या आत बांधावर जाता येते. पाड्यावरची एक आजी मला म्हणाली, "ताई, सकाळी उठला का तो, ते बघ. उठला तर राहू दे."

आता मातीकडे वळू. ओल असणे वेगळे आणि ती झाडाला मिळणे वेगळे. जास्तीचे पाणी निथरून गेल्यावर माती उरलेले पाणी साधारण एक तृतीयांश बार इतक्याच जोराने धरते. माती वाळत गेली की हा जोर वाढतो. तो १५ बारच्या आसपास गेला की बहुतेक पिके रात्रीतूनही सावरत नाहीत. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज करावा. चिकण माती त्या वेळीही हाताला ओलसर लागते, झाड मात्र तहानलेले असते. उतारावरची मुरमाड जमीन आपले पाणी सहज देते, पण तिच्याजवळ ते असतेच किती? म्हणून एकाच पाड्यात खाचरातला वाल उभा आणि माळावरचा झोपलेला दिसतो.

पहाटेही पान लोंबलेलेच असेल, तर वीतभर खणून माती मुठीत दाबावी. ती भुसभुशीत सुटली तर पाणी द्यायलाच हवे. चिखल निघाला तर पाणी मुळीच देऊ नये, झाड उपटून मूळ पाहावे. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, आणि कुजलेले मूळ ओल्या जमिनीतही झाडाला तहानलेले ठेवते.

ओढ्यावर पोत्यांचा बंधारा आहे. त्यातून प्रत्येक घराला एकच पाणी मिळते. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना ताण पडला तर फुले गळतात, दाणा बारीक राहतो. दुपारच्या पानाला घाबरून ते पाणी आधीच दिले, तर नेमक्या वेळी हात रिकामे. वाल गेला की घरातली माणसे वीटभट्टीवर जातात आणि मुलांची शाळा सुटते.

त्या मंडळीच्या संमतीने डिझेलचे पैसे राखून ठेवले आहेत. आधी माळावरच्या शेतांना पाणी द्यायचे, आणि खाचरवाल्यांनी पहाटे पान उठते आहे तोवर थांबायचे, असे पाड्याच्या बैठकीत ठरले. काहींनी कुरकुर केली. शेजारचे शेत भिजताना पाहून थांबणे सोपे नाही. तोवर मुळांपाशी आच्छादन घालायचे आहे. पेंढा गुरांना लागतो, पण राबासाठी साठवलेल्या पाल्यातला थोडा काढून द्यायला बहुतेक घरे तयार झाली आहेत.