नॉब बारावर, काटा साडेअकरावर

प्रश्न : एलएम-३१७ ही चिप वापरून मी घरीच व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा पॉवर सप्लाय केला आहे. ट्रान्सफॉर्मर १५ व्होल्टचा, कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचा, लोड साधारण १ अँपिअर. दिवसा छान चालतो. संध्याकाळी मात्र नॉब १२ वर असूनही काटा साडेअकरापर्यंत उतरतो आणि ॲम्प्लिफायर घुमायला लागतो. त्या वेळी बोर्डात मीटर लावला तर १८० व्होल्ट भरले. उलट दिवसा ५ व्होल्टवर लावला की चिपला बोट लावता येत नाही, थोड्या वेळाने सप्लाय आपोआप बंद पडतो. कमी व्होल्टला कमी तापायला नको का? चिप डुप्लिकेट तर नसेल?
— एक वाचक, जवळा बाजार

उत्तर : चिपवर आळ घेऊ नका, ती बिचारी इमानाने काम करते आहे. घोटाळा आहे तो आपल्या अपेक्षेत. घरातला टीव्हीचा स्टॅबिलायझर पडलेलं व्होल्टेज वर उचलतो, म्हणून ३१७ सुद्धा तसंच करील असं वाटतं. तिला ते येत नाही. ती फक्त कमी करू शकते. पूर्णेच्या कालव्याचं गेट आठवा. धरणात पाणी असेल तर गेट हवं तेवढं सोडील, पण पातळीच खाली गेली तर गेट कितीही उघडा, कालवा भरणार नाही.

आता तुमच्या धरणात पाणी किती, ते मोजू. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १५ व्होल्ट ही सरासरीसारखी किंमत असते. लाटेचं शिखर तिच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे २१ असतं. ब्रिजमधले एका वेळी चालणारे दोन डायोड मिळून १.४ खातात. कपॅसिटरवर उरले जवळपास २०. पण दोन शिखरांच्या मध्ये, सेकंदाच्या शंभराव्या भागात, तुमचा लोड एकट्या कपॅसिटरवर चालतो आणि तेवढ्यात सुमारे २ व्होल्ट उतरतात. शिवाय चिपला स्वतःसाठी दोन-अडीच व्होल्ट लागतात. हिशेब करा : १५ पर्यंत स्थिर मिळतील. दिवसा १२ ला अडचण नाही.

संध्याकाळी एकाच डीपीवर घराघरातला लोड वाढतो, तारांतून करंट जास्त जातो आणि व्होल्टेज तारांतच खर्ची पडतं. २३० चे १८० झाले, की तुमचे १५ चे पावणेबारा होतात. शिखर साडेसोळा, डायोडनंतर पंधरा, खळग्यात तेरा, चिपचा वाटा वजा जाता पावणेअकरा. म्हणजे दर शिखराला १२ मिळतात आणि दर खळग्याला पावणेअकरा. काटा दोन्हींच्या मधला आकडा दाखवतो. ही चढउतार सेकंदाला १०० वेळा होते. तीच तुम्हाला घुमण्याच्या रूपात ऐकू येते. (या घुमण्याचा त्रास थोरामोठ्यांनाही चुकत नाही. तुमच्याच तालुक्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होते आहे. केंद्राने २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. अमेरिकेतल्या तिच्या भावंडांच्या नोंदीत तिथल्या ६० हर्ट्झच्या विजेची रेघ उमटतेच.)

आता तापण्याचं. चिपला घातलेले आणि तिने बाहेर दिलेले व्होल्ट यांतला फरक गुणिले करंट, एवढी उष्णता चिपमध्येच तयार होते. कपॅसिटरवर सरासरी १९ धरा. १२ वर फरक ७, म्हणजे ७ वॅट. ५ वर फरक १४, म्हणजे १४ वॅट. तुमचं लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, त्याच्या निम्म्याहून जास्त! मग हीटसिंक लहान असेल तर चिप स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. खरं तर हे ती अस्सल असल्याचंच लक्षण मानायला हवं.

दुकानदार मोठा कपॅसिटर सुचवील. तो दुप्पट केला तर खळगा एक व्होल्टने भरेल, १२ जेमतेम गाठतील, पण तापणं आहे तसंच राहील. मी ट्रान्सफॉर्मरच बदलीन. ९-०-९ चा, २ अँपिअरचा घ्या. एका टोकापासून मधल्या तारेपर्यंत ९ मिळतात, दुसऱ्या टोकापर्यंत १८. ब्रिजची एक बाजू पहिल्या टोकाला कायम ठेवा, दुसरी बाजू एका टॉगल स्विचने मधल्या तारेवर किंवा दुसऱ्या टोकावर टाका. ५ व्होल्टचं काम ९ वर करा, चिप पाचेक वॅटच तापेल. १२ चं काम १८ वर. मग लाइन १८० ला आली तरी निभेल. संध्याकाळी ९ वर ५ सुद्धा टिकणार नाहीत, तेव्हा स्विच १८ वर टाका आणि तापणं सोसा. त्यासाठी हीटसिंक मोठं लागेलच. कपॅसिटर ५० व्होल्टचा घ्या, कारण रात्री उशिरा लाइन चढली आणि लोड नसला तर ३५ चा अगदी काठावर येतो.

नवी जोडणी पहिल्यांदा लावताना २३० च्या बाजूला फ्यूज हवाच, आणि जुना तारेचा ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर पुढे जा. लखलखीत पेटलेलाच राहिला तर लगेच प्लग काढा आणि आधी डायोडच्या पट्ट्या तपासा, बहुधा एखादा उलटा बसलेला असतो.